वासंती देवलचा चौथा नंबर

वासंती देवलचा नंबर चौथा का, हा प्रश्न आता मला कुणी विचारत नाही. एके काळी दिवाळीची सुट्टी संपली की हा प्रश्न आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत यायचा आणि पुढचे पंधरा दिवस कुणाला धड डबा खाऊ द्यायचा नाही. विचारणाऱ्या अत्तारबाई होत्या. गेल्या महिन्यात त्या गेल्या. मला ते पेंडसे सरांनी फोनवर सांगितलं. एवढंच म्हणाले, "अत्तारबाई गेल्या. आता वाद संपला." आणि फोन ठेवला. इतकी वर्षं ज्या माणसानं बाईंशी वाद घातला, त्याला तो संपल्याचं दुःख माझ्याहून जास्त होणार हे मला कळत होतं, म्हणून मी परत फोन केला नाही.

बाई गणित शिकवायच्या. पेंडसे सर मराठी, आणि मी चित्रकला. मी शाळेत लागले तेव्हा नवी होते आणि वारज्याहून यायचे. तेव्हा वारज्यात शेतं होती आणि बस कधी यायची ते बसलाच ठाऊक. पहिल्या दिवशी उशीर झाला. खोलीत शिरले तर खिडकीपाशी बसलेल्या एका बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठून आलात?"

"वारज्याहून."

"अस्सं. मग पुण्यात कधी पोचलात?"

सगळे हसले. मला रडू यायचं बाकी होतं. मधल्या सुट्टीत त्याच बाईंनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "खा. आणि उद्यापासून एक बस आधीची धर." तेव्हापासून मी 'अहो'ची 'अगं' झाले. बाईंचं प्रेम हे असं होतं. आधी एक फटका, मग डबा.

अत्तारबाई गुरुवार पेठेत राहायच्या. सासरचं पिढीजात अत्तराचं दुकान होतं आणि बाईंना अत्तराच्या वासानं डोकं दुखायचं. "नशीब बघा," म्हणायच्या, "पेंडश्यांना व्याकरण येत नाही आणि मला अत्तर सोसत नाही. दोघं पोटासाठी निभावतोय." माहेरचं सायकलींचं दुकान होतं आणि त्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू असायचा. लहानपणी त्या तिथं एका उलट्या खोक्यावर बसून गणितं सोडवायच्या. गाणं आणि गणित एकाच वेळी डोक्यात गेलं, म्हणून दोन्ही पक्कं बसलं, असं त्यांचं म्हणणं. खडूचे तुकडे त्या हातरुमालात बांधून ठेवायच्या. नवा खडू मागितला की शिपायाला वाटायचं कुणीतरी पाहुणे येणार आहेत. ईदच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या किटलीतून शीरखुर्मा यायचा. पेंडसे सर "केवळ सौजन्य म्हणून" वाटी पुढे करायचे आणि त्यांचं सौजन्य किटलीचा तळ दिसेपर्यंत टिकायचं.

आता त्या नंबरांचं सांगते. सिनेसंगीताचं एक मासिक तेव्हा निघायचं. त्याच्या दिवाळी अंकात सर्वश्रेष्ठ गायकांची क्रमवारी असायची. पहिला नंबर हेमकांतचा. तो कधी हलला नाही. वासंती देवल चौथी. तीही कधी हलली नाही. दुसरा आणि तिसरा तेवढे जागा बदलत राहायचे. शिक्षकखोलीनं मिळून एक अंक घ्यायचा, सुट्टीत कुणी तो उघडायचा नाही, आणि शाळा सुरू झाली की मधल्या सुट्टीत सगळ्यांसमक्ष तो फोडायचा, असा रिवाज होता. त्याला आम्ही 'कोर्ट भरणं' म्हणायचो. हेमकांतचे वकील पेंडसे सर. वासंती देवलच्या वकील अत्तारबाई. बाकीचे आम्ही हात वर करून मत देणारे.

बाई लाल पेनानं ती क्रमवारी तपासायच्या. उत्तरपत्रिकेवर मारतात तशा फुल्या मारून शेवटी गुण द्यायच्या. "शंभरपैकी पस्तीस. काठावर पास. अक्षर बरं आहे म्हणून."

एका वर्षी त्या मासिकाचे संपादकच आमच्या स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून आले. आभार मानायचं काम, कुणाची बुद्धी फिरली ठाऊक नाही, बाईंकडे दिलं होतं. चहाच्या वेळी बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "आपण हे नंबर कसे लावता हो?"

"वाचकांची पत्रं येतात ना, त्यावरून," संपादक म्हणाले.

"म्हणजे हा गळ्याचा नंबर नाही. पोस्टाचा आहे."

संपादकांनी बशीतलं बिस्कीट तसंच ठेवलं. पुढं आभारात बाईंनी त्यांचा उल्लेख 'पोस्टखात्याचे स्नेही' असा केला. मुख्याध्यापकांना ते कळलं नाही आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण बाईंचं म्हणणं नुसतं टोमण्यांचं नव्हतं. एकदा मी त्यांना विचारलं होतं, हेमकांतमध्ये एवढं वाईट काय आहे? त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "वाईट काही नाही गं. पण दुःखाचं गाणं आलं की रडायचं काम तो स्वतःच उरकून टाकतो. आपल्याला काही शिल्लक ठेवत नाही. वासंती रडत नाही. ती जागा ठेवते. बस म्हणते, रड हवं तर." एवढं बोलून त्यांना लाज वाटल्यासारखं झालं आणि त्या वह्या तपासायला लागल्या.

कोर्टाचा एक नियम होता आणि तो बाईंनीच केलेला होता. ज्यानं ऐकलं नाही त्यानं मत द्यायचं नाही. नवे मुख्याध्यापक आले त्या वर्षी मोठ्या हौसेनं कोर्टात येऊन बसले आणि हेमकांतसाठी त्यांनी सगळ्यांत आधी हात वर केला.

बाईंनी विचारलं, "सर, शेवटचं कधी ऐकलंत त्याला?"

"लहानपणी. काय आवाज होता!"

"मग हात खाली घ्या. लहानपणीचं मत लहानपणी द्यायचं असतं."

मुख्याध्यापकांनी हात खाली घेतला. त्यानंतर शाळेचा टेपरेकॉर्डर कोर्टाच्या दिवशी शिक्षकखोलीत येऊ लागला. ज्याच्या बाजूनं बोलायचं त्याचं गाणं आधी सर्वांना ऐकवायचं, मग बोलायचं. गाणं लागलं की बाई डोळे मिटून घ्यायच्या आणि एक बोट वर धरायच्या. ते बोट खाली येईपर्यंत कुणी चमचासुद्धा वाजवायचा नाही.

पुढं काय झालं ते आम्हाला कळायला फार वेळ लागला, आणि त्याला कारण बाईंचा स्वभावच. वर्गात एखादा मुलगा उत्तर द्यायचा आणि बाई खेकसायच्या, "तोंडात काय, शेंगदाणे आहेत? नीट बोल." हे त्या आधीही म्हणायच्या. आता जास्त म्हणत होत्या एवढंच. खिडकीपाशी बसायची जागा सोडून त्या पेंडसे सरांच्या समोर येऊन बसायला लागल्या. "शत्रू डोळ्यांसमोर असलेला बरा," म्हणाल्या. आम्ही हसलो. पोरांना तोंडी उत्तरं विचारायची सोडून त्या एकेकाला फळ्याशी बोलवायला लागल्या. मुख्याध्यापकांनी या नव्या पद्धतीचं सभेत कौतुक केलं. तिरकस बोलणाऱ्या माणसाला ऐकू येत नसलं तर लोकांना वाटतं, हा मुद्दामच असं करतोय. त्या आडोशाला बाईंनी किती काळ काढला असेल, देव जाणे.

मग ते कोर्ट आलं. अंक फुटला. हेमकांत पहिला, वासंती चौथी. पेंडसे सरांनी हेमकांतचं गाणं लावलं, त्यावर भरपूर बोलले. मग बाईंची पाळी. त्यांनी पर्समधून स्वतःची कॅसेट काढली, एकेका बाजूला एकेकच गाणं भरून घेतलेली. पिशवीत, पर्समध्ये, घरी, अशी ती त्यांनी अनेक वर्षं वागवली होती. "पहिली बाजू लावा," त्या म्हणाल्या. नायिका नवऱ्याला निरोप देऊन आत येते आणि दार लावून घेते, त्या वेळचं ते गाणं. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता वासंतीचा आवाज राहतो. त्या जागेसाठीच बाई भांडत आल्या होत्या.

पेंडसे सरांनी कॅसेट घातली, बटण दाबलं. कॅसेट उलटी गेली होती. दुसऱ्या बाजूचं गाणं लागलं. लग्नातलं. सनई, ढोलकी, बायकांचा हसण्याचा गलका.

सर बटणाकडे हात नेतच होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष बाईंकडे गेलं. बाईंनी डोळे मिटले होते. बोट वर होतं.

"ऐका हं," त्या हळूच म्हणाल्या. ढोलकी दणाणत होती. "आता बघा. आता वाद्यं थांबतात. थांबली. आता नुसती ती."

सनई जोरात वाजत होती. बाईंच्या कानांपर्यंत नुसती काहीतरी गुणगुण पोचत असावी आणि बाकीचं गाणं त्या आतल्या आत ऐकत असाव्यात. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला समोर बघवेना. मी पेंडसे सरांकडे पाहिलं. त्यांनी बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. त्यांनी आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि गाणं तसंच चालू राहिलं.

बोट खाली आलं. सरांनी टेप बंद केला. बाईंनी डोळे उघडले. "बोला, पेंडसे."

पेंडसे सर म्हणाले, "मान्य. हरलो मी." आणि त्यांनी वासंती देवलसाठी हात वर केला. त्यांच्या मागोमाग आम्ही सगळ्यांनी केला.

इथं आमची चूक झाली. बाईंना सगळं सोसलं असतं, पण पेंडसे हरले हे पटणारं नव्हतं. त्यांनी त्या सगळ्या हातांकडे एकामागून एक पाहिलं. कॅसेट काढून घेतली, कोणती बाजू वर होती ते पाहिलं आणि पर्समध्ये टाकली. घंटा झाली. जिन्यात त्यांनी मला गाठलं. माझं मनगट धरून मला उजेडाकडे वळवलं, ओठ दिसावेत म्हणून.

"जगताप, कोणतं लागलं होतं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "लग्नातलं, बाई. दुसरी बाजू लागली होती."

"सनईवालं?"

मी मान हलवली.

"आणि मी म्हणत होते, वाद्यं थांबली." त्या जिन्याच्या कठड्याला टेकल्या. खाली मुलं ओरडत वर्गाकडे पळत होती. "वर्गातही हेच होत असेल गं. पोरगं चूक उत्तर देत असेल आणि मी बरोबर ऐकत असेन." मग त्यांनी पदर नीट केला आणि तासाला गेल्या. त्या दिवशी त्यांनी तास पूर्ण घेतला. शेजारच्या वर्गातून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, नेहमीसारखाच खणखणीत.

वर्ष संपताना बाईंनी नोकरी सोडली. निवृत्तीला अजून अवकाश होता. मुख्याध्यापकांनी कार्यालयात काम देऊ केलं, पेंडसे सरांनी घरी जाऊन समजूत घातली, पण उपयोग झाला नाही. निरोपाच्या कार्यक्रमात कुणीतरी म्हणालं, पुढच्या दिवाळीनंतर कोर्टाला मात्र यायचं हं बाई. बाईंनी ओठ वाचले आणि म्हणाल्या, "नियम मीच केलाय. ज्यानं ऐकलं नाही त्यानं बोलू नये. मुख्याध्यापकांचा हात खाली करायला लावला होता मी." हसत म्हणाल्या. आम्हाला हसता आलं नाही.

त्यांच्याशिवाय कोर्ट एकदा भरलं. पेंडसे सर हेमकांतच्या बाजूनं थोडं बोलले, मग विरुद्ध कोण बोलणार म्हणून थांबले. कुणीच उठलं नाही. त्यांनी अंक मिटला आणि वर्गणी परत करायला सांगितली. त्यानंतर शिक्षकखोलीनं तो अंक घेतला नाही.

मी अधूनमधून बाईंकडे जायचे. मुलानं कोंढव्यात घर घेतलं होतं, तिथं त्या राहायला गेल्या होत्या. कानाला यंत्र बसवून घेतलं होतं, पण ते टेबलाच्या खणात असायचं. "या यंत्रात सगळ्यांचा नंबर एकच," त्या म्हणाल्या. "कुकर, रिक्षा, वासंती देवल. पोस्टखात्याला दाखवायला हवं." त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं. नातीची जुनी पाटी होती. माझं लिहिणं वाचून आधी त्या ऱ्हस्वदीर्घ सुधारायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. गाण्याचा विषय त्या काढायच्या नाहीत. मीही काढत नसे. खरं तर तोच विषय आम्हा दोघींच्या मधे बसलेला असायचा.

मग वासंती देवल वारली. पेपरात आतल्या पानावर बातमी होती. आणि त्या वर्षीच्या दिवाळी अंकात, इतक्या वर्षांनी, तिचा नंबर पहिला आला.

पेंडसे सर तोवर निवृत्त झाले होते. गुडघे गेले होते. त्यांचा मला निरोप आला, स्वारगेटला ये, बाईंकडे जायचंय. मी गेले तर सर कोंढव्याच्या बसच्या रांगेत उभे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत तो अंक आणि घरचा टेपरेकॉर्डर. "टेप कशाला?" मी विचारलं. सर म्हणाले, "मलाही माहीत नाही. चल."

बाईंच्या सुनेनं दार उघडलं. बाई खूप वाळल्या होत्या, पण चष्म्यावरून बघणं तेच. "पेंडसे, जिना चढलात? मग गुडघे दुखतात हे खोटंच." सरांनी काही न लिहिता अंक उघडून त्यांच्यासमोर धरला. बाईंनी पान पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग अंक मिटला.

"मेल्यावर देतात तो नंबर नव्हे, पेंडसे. तो हार."

सरांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'तुमचं मत?'

"मला मत नाही. नियम आहे."

सर पाटीकडे बघत बसले. सून चहा ठेवून आत गेली. चहा थंड व्हायला लागला. मग बाईच म्हणाल्या, "पिशवीत काय आहे?"

सरांनी टेपरेकॉर्डर बाहेर काढला. बाई उठल्या, कपाटातून आपली कॅसेट घेऊन आल्या. बाजू बघितली, पुन्हा एकदा बघितली, आणि स्वतःच्या हातानं ती आत घातली.

"त्या दिवशीचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐका. मी तुमच्याकडे बघते."

गाणं सुरू झालं. एरवी ऐकताना बाई डोळे मिटायच्या. आज त्यांनी डोळे टक्क उघडे ठेवले होते, सरांच्या चेहऱ्यावर. सर अवघडले. "असं काय बघता," असं काहीतरी पुटपुटले.

"बोलू नका. ऐका."

सर खाली बघू लागले. हे गाणं त्यांनी किती वर्षं मोडीत काढलं होतं! पण मला वाटतं, तोवर त्यांनी ते उत्तर देण्यासाठीच ऐकलं होतं. कडवं सरलं. सरांची हनुवटी हलायला लागली. त्यांनी चष्मा काढला, पुसायला म्हणून, आणि तो तसाच हातात राहिला.

"वाद्यं थांबली," बाई म्हणाल्या.

थांबली होती. अगदी त्याच क्षणी. खोलीत वासंती देवलचा एकटा आवाज होता आणि पेंडसे सर लहान मुलासारखे रडत होते. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. पापणी लवत नव्हती. मग त्यांनी सावकाश हात वर केला.

"जगताप, मोज. मी आत्ता ऐकलंय." आणि सरांकडे वळून म्हणाल्या, "पेंडसे, त्या दिवशी तुम्ही खोटं हरलात. आज खरं हरा."

सरांनी चष्मा मांडीवर ठेवला आणि हात वर केला. मीही केला. पुढं मला जाणं जमलं नाही. बाईंना मी पाहिलं ते हे शेवटचं, हात वर करून, सरांच्या ओल्या चेहऱ्याकडे बघत बसलेलं.

गाणं संपलं. कॅसेट रिकामीच फिरत राहिली. सरांनी बटणाकडे हात नेला नाही, चेहरा पुसला नाही, वर केलेला हातही खाली घेतला नाही. बाई अजून ऐकत होत्या. गाणं संपल्याचं आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नाही.